लघवीची जळजळ पुन्हा पुन्हा का होते? फार्मासिस्टची मदत घेऊन ती कशी थांबवावी

मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाच्या भगिनी आरोग्याच्या गप्पा मारत बसल्या होत्या. गुडघेदुखी झाली, शुगर झाली, बीपी झाला. मग एक ताई हळूच म्हणाल्या, "मला सारखी उन्हाळी लागते. गोळी घेतली की चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच." त्या बोलल्या आणि आणखी चार-पाच जणींनी माना डोलावल्या. ज्या दुखण्याबद्दल एकही जण घरात उघड बोलत नव्हती, ते निम्म्या घरांत होते.

या ताई चार घरची धुणीभांडी करतात. सकाळी सातला निघतात, दुपारी तीनला परततात. कामाच्या घरी संडास वापरू देत नाहीत. म्हणून त्या घरून निघताना चहासुद्धा अर्धा कपच घेतात आणि आठ तास लघवी धरून ठेवतात. वर्षभरात तीनदा त्यांनी दुकानातून तीच गोळी आणली. जळजळ थांबली की उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवल्या. चौथ्या वेळी थंडी वाजून ताप भरला, कुशीत कळा येऊ लागल्या, उलट्या सुरू झाल्या. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. आठ दिवस रुग्णालयात गेले, दोन घरची कामे सुटली आणि बचत गटातून कर्ज काढावे लागले.

आम्ही हा पाठ लिहायला घेतला तो या ताईंसाठी आणि त्यांच्यासारख्या प्रत्येकीसाठी. हे दुखणे टाळता येते. त्यासाठी महागडी औषधे लागत नाहीत. शरीराची थोडी माहिती लागते, काही सवयी बदलाव्या लागतात आणि वस्तीच्या तोंडावरच्या मेडिकलमधल्या फार्मासिस्टची योग्य मदत घ्यावी लागते.

आजार म्हणजे नेमके काय?

आपल्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. तिथे ते त्रास देत नाहीत. त्यांतलाच ई. कोलाय नावाचा जंतू शौचाच्या जागेजवळून लघवीच्या मार्गात शिरला आणि मूत्राशयात जाऊन वाढू लागला, की संसर्ग होतो. लघवीच्या बहुतेक संसर्गांमागे हाच जंतू असतो.

बाईला हा त्रास पुरुषापेक्षा कितीतरी जास्त होतो, कारण शरीराची रचनाच तशी आहे. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटीमीटर लांब असते, पुरुषाची साधारण २० सेंटीमीटर. शिवाय बाईमध्ये लघवीची जागा आणि शौचाची जागा जवळजवळ असतात. जंतूला प्रवास थोडाच करावा लागतो. सुमारे निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. म्हणजे ही कुणा एकीची चूक नाही.

लक्षणे ओळखा. लघवी करताना जळजळ, सारखे लघवीला लागणे पण थेंब थेंबच होणे, एकदम घाई होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ होणे, कधी तिच्यात रक्त दिसणे. इथवर संसर्ग बहुधा मूत्राशयातच असतो. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर पाठीत किंवा कुशीत दुखणे, मळमळ, उलटी ही लक्षणे दिसली की संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असे समजावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असा संसर्ग झाला, तर त्याला 'वारंवार होणारा संसर्ग' म्हणतात. असे असेल तर प्रत्येक वेळी नुसती गोळी घेऊन भागत नाही. तो का होतो, याचा शोध घ्यावा लागतो.

एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. हा आजार गुप्तरोग नाही. बायकोला लघवीचा संसर्ग झाला म्हणून तिच्यावर संशय घेणे हे अज्ञान आहे, आणि त्या भीतीने अनेक जणी हे दुखणे अंगावर काढतात. त्यांना दवाखान्यात न्यावे, सोबत बसावे, घरातले पाणी आपण भरावे.

आणि प्रत्येक जळजळ म्हणजे लघवीचा संसर्ग नव्हे. अंगावर पांढरे जाणे, खाज सुटणे, बाहेरच्या कातडीची आग होणे ही लक्षणे असतील तर ते बुरशीचे किंवा योनिमार्गाचे दुसरे दुखणे असू शकते. त्याचे औषध वेगळे. म्हणूनच "मागच्या वेळची गोळी द्या" असे म्हणणे धोक्याचे.

वस्तीत हा त्रास जास्त का?

संडासाच्या भांड्यामुळे हा संसर्ग होतो, असा बऱ्याच जणींचा समज आहे. सार्वजनिक संडास घाण असेल तर इतर रोग होऊ शकतात, पण लघवीचा संसर्ग बहुधा आपल्याच आतड्यातल्या जंतूंमुळे होतो. घाण संडास वेगळ्या मार्गाने घात करतो. रांग लांब, दार मोडलेले, दिवा नाही, पाणी नाही, रात्री वाटेत टवाळखोर बसलेले. म्हणून बाई जाणे टाळते आणि जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. लघवी साचून राहिली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. पाणी कमी प्याले की त्यांना धुऊन काढणारा प्रवाहच कमी होतो.

म्हणजे या दुखण्याची अर्धी मुळे संडासाच्या रांगेत आहेत. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' या नावाने बायकांनी मोहीम चालवली, ती याच कारणासाठी. बाईला स्वच्छ, सुरक्षित आणि मोफत मुतारी मिळणे हा तिच्या आरोग्याचा प्रश्न आहे, हे त्यांनी महापालिकेपुढे मांडले. आपल्या वस्तीतल्या संडासाचा दिवा, कडी आणि पाणी यांसाठी मंडळाने वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला, तर तोसुद्धा या आजारावरचा इलाजच आहे.

सवयी : बिनपैशाचा इलाज

पाणी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४० बायका होत्या. सगळ्यांना हा त्रास वारंवार होत होता आणि सगळ्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पातळ पदार्थ घेत होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, तर नेहमीइतकेच पाणी पिणाऱ्यांना ३.२ वेळा. नुसत्या पाण्याने त्रास निम्म्यावर आला.

घरात हे कसे करायचे? एक लिटरची जुनी बाटली घ्या. सकाळपासून दुपारपर्यंत एक, दुपारपासून संध्याकाळपर्यंत दुसरी संपवा. रात्री झोपण्याच्या आधी दोन तास कमी प्या, म्हणजे अंधारात संडासला जावे लागणार नाही. लघवीचा रंग फिकट, लिंबाच्या सरबतासारखा राहिला की पाणी पुरेसे झाले. धन्याचे पाणी, सातूचे पाणी, ताक आवडत असेल तर जरूर घ्या. त्याने पोटात पाणी जाते, तोच त्याचा उपयोग. पण ते संसर्गाचे औषध नव्हे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

लघवी धरू नका. दर तीन-चार तासांनी जावे. घाईघाईने उठू नये, मूत्राशय पूर्ण रिकामे होऊ द्यावे. कामाच्या घरी संडास वापरू देत नसतील तर दोन घरांच्या मध्ये कुठे थांबता येईल ते आधीच ठरवा. जवळचे सार्वजनिक रुग्णालय, बाजारातली मुतारी, एखाद्या मैत्रिणीचे घर. चार जणी मिळून मालकिणीशी बोलल्या तर वाटही निघते. एकटीने मागितले तर ती विनंती होते, चौघींनी मागितले तर तो हक्क होतो.

धुण्याची दिशा. शौचानंतर पाण्याने धुताना हात नेहमी पुढून मागे न्यावा, मागून पुढे कधीही आणू नये. मुलींना लहानपणीच हे शिकवा. आत साबण, डेटॉल किंवा सुगंधी द्रव्य लावू नका. साधे पाणी पुरे. अशा द्रव्यांनी चांगले जंतू मरतात आणि वाईट जंतूंना जागा मिळते.

पती-पत्नीच्या संबंधानंतर. संबंधांच्या वेळी जंतू मूत्रनलिकेकडे ढकलले जातात. म्हणून नंतर लवकर लघवी करून यावे. शुक्राणू मारणारी क्रीम किंवा जेली वापरत असाल तर तिच्यामुळे हा त्रास वाढतो. दुसरे साधन कोणते घ्यावे, हे आरोग्य केंद्रात विचारा.

बद्धकोष्ठ. पोट साफ होत नसेल तर भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते आणि ते नीट रिकामे होत नाही. लहान मुलींमध्ये हे कारण बऱ्याचदा सापडते. भाकरी, डाळ, पालेभाजी आणि पाणी हाच त्यावर उपाय.

फार्मासिस्ट कोण आणि त्याचे काम काय?

आपण सगळे त्याला 'मेडिकलवाला' म्हणतो. पण काउंटरवर उभा असलेला प्रत्येक जण फार्मासिस्ट नसतो. औषधशास्त्राचे शिक्षण घेऊन फार्मसी कौन्सिलकडे नाव नोंदवलेली व्यक्ती म्हणजे फार्मासिस्ट. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध देण्याचा अधिकार त्यांनाच आहे. दुकानाचा परवाना दर्शनी भागात लावलेला असतो. "फार्मासिस्ट कोण आहेत? मला त्यांच्याशी बोलायचं आहे," असे विचारायला संकोच करू नका. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषध समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम म्हणून नोंदवलेले आहे. त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून १६ ते ६४ वयाच्या बायकांना साध्या लघवीच्या संसर्गासाठी फार्मासिस्ट स्वतः तपासून औषध देऊ शकतो. आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडे अँटिबायोटिक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवे. पण संसर्ग पुन्हा होऊ नये यासाठी आपल्या फार्मासिस्टकडूनही बरेच काही मिळू शकते.

पहिली मदत : मोजणी. शक्यतो एकाच दुकानातून औषध घ्या आणि बिल मागा. बिलावर तारीख आणि औषधाचे नाव असते. "वर्षात ही तिसरी वेळ आहे ताई, आता गोळी नको, डॉक्टरांना दाखवून लघवीची तपासणी करा," असे सांगणारा फार्मासिस्ट आपले गिऱ्हाईक घालवत नसतो, आपले मूत्रपिंड वाचवत असतो.

दुसरी मदत : चिठ्ठीशिवाय नाही म्हणणे. गोळीच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचे नसते. काही ताकदीची अँटिबायोटिक्स 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. ती देताना दुकानदाराला रजिस्टरमध्ये रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव लिहावे लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. दुकानदाराने नकार दिला तर त्याच्याशी भांडू नका, दुसऱ्या दुकानात धावू नका. चुकीची किंवा अर्धवट गोळी घेतली की कमजोर जंतू मरतात आणि दांडगे उरतात. पुढच्या वेळी तीच गोळी चालत नाही. आपल्या देशात नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारख्या जुन्या गोळ्यांना लघवीतले जंतू आता बऱ्याचदा दाद देत नाहीत, त्याचे एक मोठे कारण हेच.

तिसरी मदत : गोळी कशी घ्यावी. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला डॉक्टर बऱ्याचदा नायट्रोफ्युरँटोइन देतात. ती जेवणासोबत घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते आणि औषधही नीट लागू पडते. तिने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होऊ शकते, त्याला घाबरू नये. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे दिवस असतील तर ती चालत नाही, म्हणून हे आधी सांगावे. दुसरे औषध फॉस्फोमायसिन. त्याची पुडी पाण्यात विरघळवून बहुधा एकदाच घ्यायची असते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा नॉरफ्लॉक्सासिन दिले असेल तर ते दूध, अ‍ॅसिडिटीचे औषध, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांसोबत घेऊ नये. त्यांच्यामुळे औषध शरीरात कमी शोषले जाते. आपल्या कितीतरी भगिनी रक्त वाढायच्या गोळ्या घेतात. दोन्ही गोळ्यांमध्ये किती तासांचे अंतर ठेवायचे, ते फार्मासिस्टला विचारा.

डॉक्टरांनी पाच दिवस लिहिले तर पाच दिवसच घ्या, कमी नको आणि मनाने जास्तही नको. उरलेली गोळी शेजारणीला देऊ नका.

चौथी मदत : गोड सिरपचा घोळ सोडवणे. जळजळ होते म्हटले की दुकानातून लघवीचा आम्लपणा कमी करणारे सिरप मिळते. ते पाण्यात मिसळून घेतले तर थोडा आराम वाटू शकतो, पण त्याने जंतू मरत नाहीत. त्यात सोडियम भरपूर असते, म्हणून बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि महत्त्वाचे म्हणजे नायट्रोफ्युरँटोइन चालू असताना हे सिरप घेतले तर त्या गोळीचा जोर कमी होतो. किती जणी दोन्ही एकत्र घेतात आणि "गोळी लागू पडली नाही" म्हणतात! लघवी केशरी करणारी वेदनाशामक गोळीही मिळते. ती एक-दोन दिवसांच्या आरामापुरती, इलाज म्हणून नव्हे.

पाचवी मदत : आपली इतर औषधे तपासणे. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी वर्षातून दोनदा फार्मासिस्टपुढे उघडा. शुगरच्या काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, साखर लघवीतून बाहेर टाकतात. त्यामुळे त्या जागेला बुरशीचा त्रास होऊ शकतो आणि लघवीच्या संसर्गाकडेही लक्ष ठेवावे लागते. अशी गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. शुगर ताब्यात नसणे हेच मुळात संसर्गाचे मोठे कारण आहे. काही सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी मूत्राशय नीट रिकामे होत नाही. हे सगळे ओळखणे फार्मासिस्टच्या शिक्षणात असते.

सहावी मदत : पैसे वाचवणे. चिठ्ठीवरच्या औषधाचा मूळ घटक तोच असलेले जेनेरिक जनऔषधी केंद्रात बरेच स्वस्त मिळते. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळू शकते, आधी तिथे विचारा. आता दुकानात दिसणाऱ्या चमकदार पुड्यांबद्दल. क्रॅनबेरी नावाच्या आंबट फळाच्या गोळ्यांनी वारंवार त्रास होणाऱ्या बायकांना काही प्रमाणात फायदा होतो, असे २०२३ मधल्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. पण ती झालेला संसर्ग बरा करत नाही, महाग आहे आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये. डी-मॅनोज नावाची साखरेसारखी पूड मात्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरली नाही. त्या पैशांत घराला डाळ आणा.

दुकानात बोलायचे कसे?

काउंटरवर चार पुरुष उभे असतात. अशा वेळी ही गोष्ट मोठ्याने बोलणे अवघड जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. दुपारी गर्दी नसताना जा. नाहीतर कागदावर लिहून द्या. मैत्रिणीला सोबत घ्या. बोलणे साधारण असे व्हावे.

"दादा, फार्मासिस्ट आपणच ना? जरा बाजूला बोलायचं होतं."

"बोला ताई."

"लघवीला जळजळ होते. मार्चपासून ही तिसरी वेळ. ही जुनी बिलं."

"ताप, थंडी, पाठीत दुखणं? गरोदर आहात का? शुगर आहे?"

"ताप नाही. गरोदर नाही. शुगरची गोळी चालू आहे, ही बघा."

"मग ताई, मी आज अँटिबायोटिक देत नाही. आधी लघवीची तपासणी आणि कल्चर करून घ्या. गोळी घेण्याआधी नमुना द्या. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मी कशी घ्यायची ते सांगतो. आणि शुगर कधी तपासली होती?"

दोन मिनिटांचे बोलणे. पण यात ताईंनी सगळी खरी माहिती दिली आणि फार्मासिस्टने आपले काम केले.

लघवीची तपासणी

कल्चर म्हणजे लघवीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्याला कोणते औषध मारते हे पाहणे. वारंवार त्रास होत असेल तर ही तपासणी हवीच. पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात ती स्वस्तात होते. नमुना असा द्यावा : हात धुवावे, जागा साध्या पाण्याने धुवावी, सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी, डबीच्या आत बोट लावू नये आणि दोन तासांच्या आत पोचवावी. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना गेला पाहिजे.

लघवीत पू दिसतो पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असे पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना विचारा. मूत्रमार्गाचा क्षय, मुतखडा किंवा दुसरे कारणही असू शकते. आपल्या दाट वस्त्यांमध्ये क्षय आहे, हे विसरून चालणार नाही.

उलट, काही त्रास नसताना, नुसता वास येतो म्हणून वृद्ध आजीची लघवी तपासून अँटिबायोटिक देऊ नये. म्हातारपणी लघवीत जंतू असले तरी ते नेहमी आजार करत नाहीत. तिला आधी पाणी द्या. मात्र तिला ताप आला किंवा ती एकदम भ्रमिष्टासारखी वागू लागली, तर डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टर काय करू शकतात?

पाळी गेलेल्या बायकांमध्ये योनीची त्वचा कोरडी आणि पातळ होते, म्हणून त्रास वाढतो. त्यांना आत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम चांगला उपयोग करते. ती डॉक्टरांनीच द्यावी आणि कशी लावायची ते फार्मासिस्टकडून समजून घ्यावे. काही जणींना मेथेनामाइन हे अँटिबायोटिक नसलेले औषध चालते. काहींना बरेच महिने कमी मात्रेचे अँटिबायोटिक लागते. हे सगळे निर्णय तपासणीनंतरचे आहेत, दुकानात ठरवायचे नव्हेत.

इथे दुकान नाही, थेट दवाखाना

- थंडी-ताप, कुशीत दुखणे, उलट्या.
- गरोदर बाई. गरोदरपणात त्रास नसतानाही लघवीत जंतू आढळले तर उपचार करावे लागतात, नाहीतर मूत्रपिंडाला संसर्ग होण्याचा आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका असतो. म्हणून नाव नोंदवताना लघवीची तपासणी चुकवू नका.
- लहान मूल. बाळाला दुसरे काही कारण न दिसता ताप येत असेल तर लघवी तपासून घ्यावी.
- पुरुष. पुरुषाला हा संसर्ग झाला तर कारण शोधावेच लागते.
- लघवीत रक्त, किंवा लघवी अजिबात न होणे.
- औषध सुरू करून दोन दिवस झाले तरी फरक नाही.

मंडळात करायचे काम

पुढच्या बैठकीत हा पाठ वाचून झाल्यावर तीन गोष्टी करा. पहिली, प्रत्येकीने वहीचे एक पान करावे : त्रासाची तारीख, लक्षणे, घेतलेली गोळी, किती दिवस, तपासणीचा निकाल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे पान शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावे. दुसरी, वस्तीजवळच्या एका फार्मासिस्टला विहारात तासभर बोलवावे आणि गोळ्यांच्या पिशव्या त्याच्यापुढे उघडाव्यात. तिसरी, संडासाचा दिवा, कडी आणि पाणी यांबद्दल अर्ज लिहून त्यावर सह्या घ्याव्यात आणि पोचपावती जपून ठेवावी.

उजळणीसाठी प्रश्न : वर्षात किती वेळा त्रास झाला तर तो 'वारंवार' म्हणावा? नायट्रोफ्युरँटोइनसोबत कोणते सिरप घेऊ नये? लघवीचा नमुना गोळीच्या आधी द्यायचा की नंतर? कोणत्या लक्षणांना त्याच दिवशी दवाखाना?

सुरुवातीला ज्यांची गोष्ट सांगितली त्या ताई आता बऱ्या आहेत. त्यांच्या पिशवीत एक लिटरची बाटली असते. चौघी जणींनी मिळून मालकिणींशी बोलणे केले, दोन घरांनी संडास वापरू दिला, तिसऱ्या घराचे काम त्यांनी सोडले. मेडिकलमधल्या दादांनी त्यांची जुनी बिले एकत्र लावून दिली, ती घेऊनच त्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी आम्हाला एकच सांगितले, "लाजेपायी मी तीन वर्षं दुखणं अंगावर काढलं. हे छापा, म्हणजे दुसरी कुणी काढणार नाही." म्हणून छापले आहे. वाचून झाल्यावर हे पान शेजारच्या घरी द्या.